साडूच्या नाकावर टिच्चून हिरवळ

३ मार्च, सकाळी सात
संकल्प: मागच्या अंगणात हिरवळ. कुंपणापलीकडच्या साडूच्या हिरवळीपेक्षा दाट. काल चारचौघांत म्हणाला, तुमच्या अंगणाला शेवाळच शोभतं. मी हसलो. आतून पेटलो. २० मेला सासूबाईंना पंच्याहत्तर पूर्ण. ज्याची हिरवळ चांगली त्याच्याकडे पार्टी, असं दोघी बहिणींनी ठरवलंय. म्हणजे आमच्याकडे.

५ मार्च
नर्सरीवाला म्हणाला, सावली आहे तर सावलीत जगणारं बी न्या, पाणी बेताचं द्या, गवत उंच राखा. विचारलं, साडू कुठलं नेतो? उन्हातलं. म्हटलं, तेच द्या, दुप्पट. सावलीचं बी लावून जिंकणं म्हणजे ग्रेस मार्कांनी पास होणं.

१९ मार्च
कोंब आले! बायकोने चष्मा लावून पाहिले. गवताचेच का, म्हणाली. तिला दूरदृष्टी नाही. पाणी आता दिवसातून तीनदा.

२ एप्रिल
बोटभर गवत. मशीनने पार मुळाशी कापलं. साडू तेवढंच कापतो. मी गच्चीवरून दुर्बिणीने खात्री केली आहे.

६ एप्रिल
गवत पिवळं. शेवाळ जोरात. लांबून पाहिलं तर एकूण हिरवंच दिसतं. किती लांबून, असं बायकोने विचारलं.

७ एप्रिल
गुन्हेगार सापडला. साडूच्या अंगणातलं झाड! सगळी सावली त्याचीच. पालिकेत तीन अर्ज टाकले: झाड धोकादायक, तारांना लागतं, कुणाच्या तरी डोक्यात पडेल. तिन्ही वेगवेगळ्या अक्षरांत.

२४ एप्रिल
पाडलं! करवत चालू असताना खिडकीत बसून दोन कप चहा घेतला. मेव्हणी रडत होती. जरा वाईट वाटलं. मग साडूचा चेहरा पाहिला, बरं वाटलं.

२५ एप्रिल
सावली जागच्या जागी. बायको म्हणाली, ही आपल्याच घराची आहे. साडूपेक्षा उंच हवं म्हणून तुम्हीच दोन वर्षांपूर्वी वरचा मजला चढवलात. नको तेव्हा तिला सगळं आठवतं.

८ मे
साडूच्या गवताला आता दिवसभर ऊन. नुसता गालिचा. रस्त्यात भेटला आणि माझे आभार मानले. खवचट! पार्टी त्याच्याकडेच ठरली. परीक्षक म्हणून आलेली माझीच बायको आमच्या अंगणात अर्धं मिनिटही थांबली नाही.

१९ मे
आता सूडच. ताजं कोंबडीखत, टेम्पोभर. दुपारी वारा साडूच्या दिशेने वाहतो. काठीला रुमाल बांधून तीन दिवस पाहिलंय. कुणी काही म्हणालं तर मी माझ्या गवताला खत घालतोय.

२० मे, सकाळी नऊ
डोकं दुखतंय म्हणून सांगितलं. बायको एकटीच पार्टीच्या तयारीला गेली. लगेच खत घोटाभर पसरलं.

दुपारी साडेचार
वारा आज सुटलाच नाही. सगळा वास आमच्याच घरात. खिडक्या लावून उपयोग नाही.

पाच वाजता
बायको धावत आली. सासूबाईंना तिथलं ऊन सोसेना. झाड होतं तेव्हा बरं होतं, म्हणाल्या. मग म्हणाल्या, धाकट्या जावयाकडे मागे छान सावली असते, केक तिथेच कापू. तीस माणसं खुर्च्या उचलून निघाली आहेत. बायकोने मागचं दार उघडलं. लगेच लावलं. माझ्याकडे पाहिलं.

पाच वाजून दहा
फाटकापर्यंत आले. नाकं धरून परत गेले.

साडेसहा
केक साडूच्या हॉलमध्ये कापला. सासूबाईंचा निरोप आला: एवढ्या वासाने जावयाचं डोकं दुखणारच, त्यांना आधी इकडे आणा. साडू स्वतः न्यायला आलाय. नाकाला रुमाल. एक माझ्यासाठीही आणलाय, अत्तर लावून. डोकं आता खरंच दुखतंय.

रुमाल घेतला. जातोय.