उशीखालची नळी

लोणखेडा, ता. शहादा
९ मार्च २०२५

चि. चेतना हिस अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व क्षेम. (सवयीने लिहिलं, पत्र वाचून झालं की हे वाक्य खोडून टाक.) दलसिंगरावांना माझा नमस्कार सांग. अकरा वर्षांत पहिलाच आहे, तेव्हा त्यांना आधी बसायला सांग.

आमच्या शाळेने पर्यावरण सप्ताह केला. प्लास्टिकच्या स्ट्रॉवर बंदी येऊन अडीच वर्षं झाली तरी स्टँडवर त्या मिळतातच. म्हणून मी मुलांना घेऊन रसवंत्या पालथ्या घातल्या, प्लास्टिकच्या गोळा केल्या, कागदी वाटल्या. एक श्लोकही रचला. तुला ऐकवत नाही. लहानपणी पुष्कळ सोसलंस. रसवंतीवाला धर्मेंद्र कागदी नळी रसात बुडवून म्हणाला, "सर, तुमनी नळीच रस पी लेस, गिऱ्हाईकले काय ऱ्हास?"

चौथ्या दिवशी मीच त्याच्या दुकानी उभा. जुन्या एखाद-दोन उरल्यात का?

"काय सर, श्लोक इसरी गयात का?" डब्याच्या तळातून त्याने एक काढून दिली. एकच.

आबांसाठी हवी होती. दिवाळीनंतर त्यांची डावी बाजू गेली. पेला धरवत नाही. डॉक्टर म्हणाले, बसवून नळीने थोडं थोडं पाजा. त्यांना पेलाभर पाण्याला अर्धा तास लागतो. तेवढ्यात कागदी नळीचा लगदा होतो. एकदा तो घशात गेला आणि असा ठसका लागला की तुझी रुपावहिनी रडायलाच लागली. मी श्लोकाचा कागद फाडला. बंदी चूक का? नाही. मग ती एक नळी रुपा रोज गरम पाण्याने धुते, हे चूक का? वीस वर्षं व्याकरण शिकवतोय, मला सांगता येत नाही.

तुला चार महिने कळवलं नाही. त्याचं कारण पुढे येईल. मलाच ते लांबवायचंय.

तुझ्या लग्नाच्या दिवशी आबा अंगणात सगळ्यांदेखत म्हणाले होते, "तेस्ना घरना भांडाले मन्हा ओठ लागनार नही." तुझ्या सासरच्या भांड्याला ओठ लावायचा नाही म्हणजे नाही. माणूस शब्दाचा पक्का, तुला ठाऊक आहे.

परवा दुपारी पाणी ओढता ओढता थांबले. पेल्याकडे बघत राहिले. मग जड जिभेने म्हणाले, "नवनीत, तू शिकेल शे. नळीघाई पिधं ते ओठ भांडाले लागना का?"

मी म्हटलं, शास्त्रात नळीचा उल्लेख नाही.

"मंग इतलं शिकीसन काय करं तू?"

काल रुपाला म्हणाले, नळी धुऊन उशीखाली ठेव. तिने कागदीच ठेवायला घेतली, तर चिडले. "ती नको. ती वाटमाच गळी जाई."

वाटेत. चेतना, खाटेवरच्या माणसाला कुठली वाट गं? मला एक तुझ्या धडगावचीच सुचते.

आता ते कारण. तू दर राखीला विचारायचीस, आबांचा राग गेला का, आणि मी दर वेळी लिहायचो, अजून नाही. मी त्यांना कधी विचारलंच नव्हतं. शिक्षकांच्या खोलीत तुझ्या लग्नावरून लोक मला टोचत. राग माझा होता, आबांच्या नावावर खपवला. तो माझा केव्हा गेला तेही कळलं नाही. लिहायचं मात्र सवयीने चालू राहिलं. आबांचं दुखणं कळवलं असतं तर तू धावत आली असतीस आणि हे खोटं उघडं पडलं असतं.

फोन केला असता, पण फोनवर तू लगेच "का" विचारलं असतंस.

येत्या रविवारी त्यांना गाडीत घालून घाट चढावा म्हणतो. तू ये म्हणालीस तर. मला दाराबाहेर उभं केलंस तरी चालेल, सावली असली म्हणजे झालं. पाणी तुझ्याच घरच्या पेल्यात दे. नळी ते घेऊन येतील. ओठ लागला की नाही, ते तुम्ही दोघं ठरवा. मला विचारू नका.

अकरा वर्षं खोटं लिहिणारा,
तुझा दादा