कुंकवाखालचा दिवा

७ ऑक्टोबर, मंगळवार
आज सकाळी स्टुडिओत, लग्नांची शूटिंग साठवतो त्या सर्व्हरवरचं दसऱ्याचं हळदकुंकू ओल्या फडक्याने पुसत होतो. चौथ्या डिस्कवरचा टिळा निघाला आणि खालून नारिंगी दिवा दिसला — पेटलेला! डिस्क मेलेली. लॉग पाहिला, दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी गेली आहे. डिस्क गेली की वाजणारा भोंगा मालकाने, सेबेस्टियनने, रेकॉर्डिंगमध्ये आवाज येतो म्हणून केव्हाच बंद करायला लावलेला.
एडिटिंग करणारी जागृती रडवेली झाली. "काका, टिळे मी लावले होते." म्हटलं, "पूजा तू केलीस. दिवे बघायचं काम माझं." आणि टिळा दिव्यावर लागला तेव्हा मी डोळे मिटून हात जोडून उभा होतो!

८ ऑक्टोबर
एक डिस्क गेली तर बाकीच्या तिचं ओझं वाहतात. आणखी एक गेली की संपलं. आणि दोन नंबरची, दुसरी डिस्क आताच चुका दाखवते आहे. नवी घातली की सगळ्या जुन्या पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचाव्या लागणार — त्या श्रमात ही टिकेल असं वाटत नाही. म्हणून आधी सगळं दुसरीकडे उतरवून घ्यायचं. मशीन बंद करायचं नाही.
"आधी काय घेऊ?" सेबेस्टियनला विचारलं.
"गिऱ्हाइकांची लग्नं. विश्वासाने दिलीत लोकांनी."
"आणि फ्लोरावहिनींचं?"
त्याची बायको. मुलीच्या लग्नात तिने गावाकडची जुनी गाणी म्हटली होती. ती गेल्यापासून त्याने ते शूटिंग उघडलेलं नाही. दुसरी प्रत ठेव म्हणालो होतो, तर म्हणाला होता, "सर्व्हर हाय ना!"
आज म्हणाला, "ती घरची. थांबेल. जन्मभर थांबलीच ना माझ्यासाठी!"

९ ऑक्टोबर
लग्नं उतरताहेत. येताना गावदेवीला नारळ बोललो.

१० ऑक्टोबर
लग्नं सगळी आली! फ्लोरावहिनींचं सुरू केलं — आणि दुसरी डिस्क बाहेर पडली. सगळं ठप्प.
सेबेस्टियन दारात उभा होता. "सुटली," एवढंच म्हणाला. मग, "दोन नव्या घाल रामू, बाकीच्या त्याच वापर. नवीन बांध. दिवाळीनंतर लग्नं हायेत."
नवीन बांधलं की जुनं पुसलं जाणार. उद्या करतो म्हणालो.

११ ऑक्टोबर
केलं नाही.
एक उपाय उरतो. बाहेर पडलेली डिस्क जिवंत आहे असं मानायला कंट्रोलरला, म्हणजे सगळ्या डिस्क चालवणाऱ्या कार्डाला, भाग पाडायचं. चालली तर थोडा वेळ चालेल. नाहीतर कायमची मरेल.
जागृती म्हणाली, "काका, मग चौथी घ्या ना, ती बरी असेल." नाही. चौथी दसऱ्यापाशी थांबली आहे. त्यानंतर काय काय झालं तिला ठाऊक नाही. तिला आत घेतलं तर सगळ्याचा गोंधळ होईल. शेवटपर्यंत सोबत होती तीच घ्यायला हवी.
सेबेस्टियनही एका दिवसापाशी थांबला आहे. त्याला विचारलं. हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. चहाचा कप उगाच फिरवत बसला.

१२ ऑक्टोबर, रविवार
सेबेस्टियन चर्चमध्ये मिस्साला गेलेला असताना गावदेवीचं नाव घेतलं आणि दुसरी डिस्क आत घेतली. डोळे उघडे ठेवून. वहिनींची फाइल अर्धीच आली. चेहरा नाही, नुसते रंगीत चौकोन. पण आवाज आहे — स्वच्छ! तो आला तेव्हा गाणं चालूच होतं. मी उठलो आणि माझी खुर्ची त्याला दिली.