पौषातलं कोमट पाणी

आबा, डॉक्टरांनी मला पोहायला सांगितलंय. तीस वर्षं फळ्यासमोर उभं राहून गुडघ्यांची पार वाट लागली. तीन महिने कोमट पाण्यात पोहा म्हणाले, नाहीतर ऑपरेशन. पाण्यात अंगाचा भार गुडघ्यांवर येत नाही, आणि पाणी कोमट असलं की आखडलेले सांधे मोकळे होतात. गार पाण्यात ते जास्तच धरतात, फार गरम पाण्यात पोहलं तर दम लागतो, गरगरतं. ते समजावत होते आणि मी शहाण्या बाईसारखी मान हलवत होते. यातलं निम्मं तुम्ही मला केदारखेड्याच्या आपल्या विहिरीत शिकवलं होतं, तेव्हा मी जेमतेम सात वर्षांची होते, हे त्यांना काय सांगणार?

पौषातली सकाळ. तुम्ही माझ्या कमरेला दोर बांधताय. विहिरीतून वाफा निघतायत आणि मी पायरीवर कुडकुडत उभी, उतरायला तयार नाही. "हात घालून तर पाह्य," तुम्ही म्हणता. "पाणी गरम हाय. गार हाय ती हवा." हात घालते, तर खरंच उबदार. हेच पाणी चैत्रात गार लागायचं, तेव्हा मला वाटायचं विहिरीत कुणीतरी बसून गंमत करतंय. "एकदम उडी न्हाई मारायची. आधी मानेवर पाणी मार, मंग छातीवर. न्हाई तर श्वास कोंडतो. अन् व्हट निळे पडले की जल्दी वर यायचं." वर आल्यावर गुळाचा खडा मिळायचा. गावात पोहणारी मुलगी मी एकटीच, आणि त्याचा तोरा माझ्यापेक्षा बाप म्हणून तुम्हालाच जास्त होता.

मग बाराव्या वर्षी, अशाच थंडीत, काकू विहिरीच्या काठावर आली. "पोर न्हाती झाली, अन् अजून हिरीत उड्या मारून राह्यली?" एवढंच म्हणाली आणि गेली. दुसऱ्या दिवशी मी टॉवेल घेऊन निघाले, तर मला दारात अडवलंत. "आजपासून न्हाई. पाणी लई गार पडलंय, तुला सोसायचं न्हाई." माझ्याकडे न बघता बोललात. मग धाकट्या भावाला घेऊन त्याच पाण्यात उतरलात आणि मी काठावर त्याचा टॉवेल धरून उभी राहिले. विहिरीतून वाफा निघत होत्या. आबा, मला तुमचा फार राग आला होता, अजूनही आहे. काकूला घाबरलो असं म्हणाला असतात तरी चाललं असतं. पण पाण्याबद्दल मला सगळं तुम्हीच शिकवलेलं, आणि खोटं बोललात तेही पाण्याबद्दलच.

जालन्यात आता तापवलेल्या पाण्याचा तलाव आहे, वरून झाकलेला. बायकांची वेळ अकरा ते बारा. लेकाने पोहायचा पोशाख पाठवला, अंगभर, बाह्यांचा. हे मला स्कूटरवर सोडतात आणि बाहेर पेपर वाचत बसतात. आत शिकवणाऱ्या बाई दोरीला बांधलेला थर्मामीटर पाण्यात सोडतात आणि आकडा पाटीवर लिहितात. पहिल्या दिवशी मी मानेवर पाणी मारलं, छातीवर मारलं, कमरेपर्यंत उतरले. पाणी इतकं छान होतं की डोळे भरून आले. पण कठड्यावरचा हात काही सुटेना.

"सोडा ना मावशी," बाई म्हणाल्या. "तीस अंश हाय, एकदम बराबर."

"मला गार लागून राह्यलंय," मी म्हणाले.

त्यांनी पाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "बरं, उद्या बघू मंग."

दुसऱ्या दिवशीही तेच झालं, तिसऱ्याही. काठावर कुणी नसतं, तरी मी सारखी वर बघते. साठीला आलेल्या बाईला आता कोण अडवणार? पण अडते. घरी जाताना हे विचारतात, "किती फेऱ्या?" पहिल्या दिवशी तोंडातून चार निघालं, आता सहावर गेलेय. लेक फोनवर शाबासकी देतो. तीन महिने भरत आले, तेव्हा परवा डॉक्टरांनी गुडघे दाबून पाहिले आणि म्हणाले, इतकं पोहूनही फरक नाही म्हणजे आता ऑपरेशनच, पुढच्या आठवड्यात तारीख ठरवू. मी मान हलवली. खरं सांगितलं तर सगळे मिळून मला उचलून पाण्यात सोडतील, हसत हसत, प्रेमाने. ते मला नको आहे. आणि ऑपरेशनची तर इतकी भीती वाटते की जेवण जात नाही.

हा कागद घरात ठेवायची सोय नाही. कुणाच्या तरी हाती लागेल, म्हणून फाडून टाकणार आहे. गेले पंधरा दिवस मी तलावात पाऊलसुद्धा टाकलेलं नाही, आबा. कपडे बदलायच्या खोलीत बसून राहते. बारा वाजत आले की पोशाख नळाखाली भिजवते, आणि मग केस.