टीप नाकारायची नसते

चिमे,

तू कामावरून येशील तोवर माझं विमान सुटलेलं असेल. माझ्याकडची किल्ली शेजारच्या काकूंकडे दिली आहे. दूध तापवून ठेवलंय, आधी पी.

आता मुद्द्याचं. तुझ्या हॉटेलात जेवून मी नुसतं बिल भागवून उठलो, तेव्हा तू दारापर्यंत धावत आलीस. "बाबा, इथे टीप न ठेवता उठलं की वाढणाऱ्याचा अपमान होतो. आमचा निम्मा पगार त्यातच असतो." मी म्हटलं, "पोटच्या पोरीला टीप देऊ?" तर म्हणालीस, "द्यायची. आणि आम्हीही कधी नाकारत नाही, गिऱ्हाईक दुखावतं."

हे मी पक्कं लक्षात ठेवलं. कारण मी पैसे पुढे केले की तू "मला काही कमी नाही" म्हणून ते माझ्याच खिशात कोंबतेस. कमी नाही, हे तुझ्या बुटांच्या तळव्यांवरून आणि सदा बंद असलेल्या हीटरवरून कळलंच.

तर माझ्याकडे उरलेलं इथलं चलन चहाच्या डब्याखाली आहे. घरी नेऊन बदलायचं तर बदलून देणारा मधल्यामध्ये कापून घेणार. ही बापाची मदत समजू नकोस. मला पलंग देऊन तू जमिनीवर झोपलीस, रोज उठून माझ्यासाठी पाणी तापवलंस, त्याची टीप आहे. आधी बूट घे.

चहात साखर कमी असायची, त्याबद्दल एक नाणं कापून घेतलंय. ते मी कुठेच बदलणार नाही.

तुझं गिऱ्हाईक,
बाबा