चिक्कीचा पाक आणि काचेची नळी

नाशिक, १२ जानेवारी १९७९

अजून हाताला गुळाचा वास येतोय. संक्रांतीच्या चिक्कीसाठी ह्यांनी दोनशे अंशांपर्यंतचा थर्मामीटर आणला. तापाचा तर पहिल्या उकळीलाच फुटला असता. आधी त्याचं टोक कढईच्या बुडाला टेकलं आणि आकडा भलताच चढला. मग अधांतरी धरला.

सासूबाई नेहमीप्रमाणे पाकाचा थेंब पाण्यात टाकून वाटीवर वाजवत होत्या. टणकन वाजला की म्हणायच्या, "उतरव." मी बघितलं, एकशे अठ्ठेचाळीस. दुसऱ्या घाण्याला पुन्हा एकशे अठ्ठेचाळीस. तिसऱ्यालाही तेच. ह्या कानांनी मोजतात की काय? मला नाचावंसं वाटलं. धावत जाऊन त्यांना आकडा सांगितला.

"म्हणजे तुझी नळी बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "राहू दे घरात."