पेटिंगिलसाहेबांची शिंगं

तीर्थस्वरूप एनॉकदादास,

धाकट्या विल्माचा नमस्कार. विल्मा म्हणजे तुझी सख्खी बहीण, सांगितलेलं बरं, कारण मागच्या खेपेला तू तुझा कुत्रा आमच्या ओसरीवर विसरून गेलास आणि तीन दिवसांनी फोन करून मलाच विचारलंस, "कुठं कुत्रा दिसला का गं?" गुडघे कसे आहेत? माझे आहेत, एवढंच. अक्षर माझ्या नातीचं, जोलीनचं आहे. (आपली पोरं उचलून न्यायला सरकारी शाळेची गाडी आली तेव्हा आपल्या आजीने मला मक्याच्या कोठारात लपवलं आणि तू सापडलास; म्हणून तुला अक्षरं येतात आणि मला मका येतो.) मी सांगते त्यातलं ही निम्मं गाळते, म्हणून प्रत्येक ओळ परत वाचून घेते आहे.

जोलीनने कॉलेजातल्या मुलींचा लॅक्रॉसचा, म्हणजे आपल्याच जाळीच्या काठीने चेंडू झेलायच्या खेळाचा, संघ शिकवायला घेतला, हे तुझ्या कानावर आलंच असेल आणि तू मान फिरवली असशील. गेल्या वर्षी त्या पोरी सगळे सामने हरल्या. यंदाही हरल्या, पण यंदा घाम गाळून हरल्या, ही जोलीनची कमाई. हिने त्यांना भल्या पहाटे बर्फात पळवलं, तेव्हा चौघी पळाल्या त्या परत आल्याच नाहीत. मैदानात लागतात बारा, उरल्या अकरा. जाळी राखायला कुणीच नाही. उघड्या दारातून कोंबड्या शिराव्यात तसे गोल शिरतात. मग क्रीडाविभागाचे मुख्य पेटिंगिलसाहेब म्हणाले, एक ऑगस्टला बारा नावं दिसली नाहीत तर संघ बंद, आणि मैदानावर गाड्या उभ्या करू.

आता आपल्या हॉडेनोशोनी लोकांत, गोरे यायच्या आधीपासून, पुढाऱ्याला बाया बसवतात आणि तो वाकडा चालला तर बायाच उठवतात. तीनदा समज द्यायची, नाही ऐकलं तर डोक्यावरची हरणाची शिंगं उतरवायची. तो मान कुळाच्या आईचा आहे, माझा नाही, ठाऊक आहे मला, ओरडू नकोस. पण पेटिंगिलला कुळच नाही. त्या बिचाऱ्याला समज द्यायची कुणी?

मग मीच. पहिल्यांदा गेले ती घेवडा घातलेली मक्याची भाकरी घेऊन, म्हटलं संघ मोडू नका. "वा आजी, केक?" म्हणत त्याने वर जॅम लावला. दुसऱ्यांदा त्याने मला खुर्ची दिली आणि कॉलेज फिरून बघायचंय का विचारलं. तिसऱ्यांदा मी अकराही पोरी पाठीशी उभ्या केल्या. त्याच्या डोक्यावर कॉलेजची टोपी होती आणि टोपीवर काय, तर भरतकामाची शिंगं. मी म्हटलं, "तिसऱ्यांदा सांगतेय," आणि टोपी उतरवली. तो म्हणतो, "आवडली का? राहू दे आजी, आजोबांनाही एक न्या." (त्यांना जाऊन वीस वर्षं झाली. दोन्ही टोप्या बुजगावण्याला घातल्यात. ते निदान उभं राहून काम करतं.) तर रीतीप्रमाणे पेटिंगिल पदावरून उतरला आहे. त्याला अजून कळलेलं नाही, इतकंच.

जोलीन म्हणाली, "आजी, तू माझी नोकरी घालवणार." मी म्हटलं, "नोकरी गेली तरी पोरी कुठं जातात?" आणि खरंच, सुट्टी लागलेली असूनही दुसऱ्या दिवशी अकराच्या अकरा मैदानात हजर. आम्ही हटणार नाही. तुझ्याकडून मला काही नको, फक्त कळवलं.

तुझी बहीण,
विल्मा

ता. क. हा विधात्याने पुरुषांना दिलेला खेळ, बाईने काठीला शिवू नये, हे तुझं म्हणणं मला पाठ आहे. माझी वेणी तुझ्या काठीला लागली म्हणून तू काठी चुलीत घातली होतीस. त्यानंतर लाकडाच्या काठीला मी बोट लावलेलं नाही, लावणारही नाही. पण या पोरींच्या काठ्या प्लास्टिकच्या आहेत. प्लास्टिक कुठल्या झाडाला लागतं ते सांग, त्या झाडाची मी क्षमा मागते.

आणखी एक ता. क. तुझी नात रेनी वर्षभर तुझ्याच गोठ्याच्या दारापुढे उभी राहून चेंडू अडवते आहे. तू सोडून सगळ्या गावाला माहीत आहे. आमच्या कॉलेजचं प्रवेशाचं पत्रही तिच्याकडे आहे. तू बोलायचा बंद होशील म्हणून पोरगी गप्प आहे. जोलीन म्हणते, "एनॉकआजोबांपुढे पदर पसरायचा नाही, हे मी लिहिणार नाही." लिही गं. पदर कुठं पसरतेय, मासा मागतेय. दादा, तुझ्या हातचा धुरी दिलेला मासा पाठव, बारा जणींना पुरेल एवढा, जुलै संपायच्या आत, रेनीच्या हाती. टपालाने आला तर तसाच परत पाठवीन.