धाकटीचा आवाज आणि पिक फायली

६ मार्च
आज पुन्हा पाच नवे फोल्डर! मी केलेले नाहीत. धाकटी बहीण एक वाक्य बोलली की हा दवाखान्यानं दिलेला प्रोग्रॅम एक फोल्डर विऊन ठेवतो. अठराला तिचं ऑपरेशन, स्वरयंत्र काढणार. त्याआधी तिच्या आवाजात दोनशे वाक्यं भरायची. मग ती बटण दाबेल आणि यंत्र तिच्या आवाजात बोलेल. एवढंच काम — आणि त्यासाठी कॉम्प्युटरवर हा उकिरडा!

९ मार्च
एकशे चाळीस झाली. "पाणी दे." "खिडकी लाव." "उशी नको." धाकटी मध्येच हसली, मी नाही. फोल्डर उघडले तर आत सगळ्या नावाच्या शेवटी 'डॉट पिक' लावलेल्या फायली. पिक म्हणजे चित्र, शेंबडं पोरही सांगेल! उघडली एक. कॉम्प्युटर म्हणे, "चित्र खराब आहे." कोणी मागितली होती चित्रं?

१२ मार्च
दोनशे पूर्ण. ती पिक फायलींची सगळी घाण पुसली, वर कचरापेटीही रिकामी केली. अडतीस वर्षं कचेरीचं दप्तर सांभाळलं. निकामी कागद दुसऱ्या दिवशी कपाटात दिसत नसे. 'आवाज' नावाचा फोल्डर तेवढा दवाखान्यात पाठवला.

१६ मार्च
दवाखान्यातल्या तंत्रज्ञाचा फोन. "मॅडम, 'आवाज'मध्ये नुसती सेटिंग्ज आहेत. बोलणं त्या पिक फायलींमध्ये असतं."
"मग त्यांना पिक कशाला म्हणता?"
"प्रोग्रॅम बनवणाऱ्या कंपनीच्या नावाची आद्याक्षरं आहेत ती."
आद्याक्षरं! स्वतःचं नाव मिरवायला यांना माझ्याच बहिणीचा आवाज सापडला? नाही नाही ते बोलले त्याला. पुसलेलं परत मिळणार नाही म्हणाला. वळले तर धाकटी दारात. सगळं ऐकलेलं. आणि तिचा घसा कालपासून पार बसलाय.

पुसलं कोणी? मी. तरी राग अजून त्यांच्यावरच.

१७ मार्च
धाकटी म्हणाली, "दोनशे नकोत गं. दहाच करू, आणि मी निवडणार. तू बाहेर बस." दार लावून घेतलं. मी भांडी आपटत बसले. तासाभरानं आली, घामानं भिजलेली. "दहा फोल्डर झालेत. हात लावशील तर याद राख!"
नाही लावला. फक्त मोजले. तीनदा.

२१ मार्च
ऑपरेशन नीट झालं. चादर बदलली नाही म्हणून मी नर्सला झापत होते. पाठीमागून धाकटीचा आवाज — "ताई, ओरडू नकोस."
नर्सला तिथंच सोडलं. मग तिच्याजवळ गेले आणि म्हटलं, पुन्हा दाब.